दोघांची गाडी, मागे घर: ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेत कॅरव्हॅन घेऊन निघण्याआधी

आमच्या कॅरव्हॅनच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन याद्या आहेत, 'जोडताना' आणि 'सोडताना'. पहिल्या प्रवासात हा कागद नव्हता. गाडी चालवणं, व्हॅन जोडणं-सोडणं ह्यांच्याकडे आणि स्वयंपाक, औषधं, नकाशा माझ्याकडे, अशी वाटणी न ठरवताच होऊन गेली होती. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात होते तशीच. चौथ्या आठवड्यात, माउंट आयझाच्या पुढे एका माळावर मुक्काम असताना, सकाळी हे गॅसचा सिलिंडर उचलायला गेले आणि ह्यांच्या कमरेत उसण भरली. वाकता येईना, बसता येईना. मला गाडी चालवता येत होती, पण व्हॅन जोडायची कशी ते माहीत नव्हतं आणि मागे व्हॅन असताना गाडी हाकली तर कधीच नव्हती. शेजारच्या एका आजोबांनी व्हॅन जोडून दिली, ह्यांना उशा लावून पुढच्या सीटवर बसवलं आणि मी ताशी ७० च्या वेगाने, घामाघूम होत, दवाखाना गाठला.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे. इथे निवृत्तीनंतर कॅरव्हॅन घेऊन निघणाऱ्यांना कौतुकाने 'ग्रे नोमॅड' म्हणतात. तुम्हीही त्यांत सामील व्हायचं म्हणत असाल, तर पुढचं सगळं दोघांनी मिळून वाचा.

आधी पंचांग, मग नकाशा

उत्तर ऑस्ट्रेलियात ऋतू दोनच, असं सगळे सांगतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल 'वेट' आणि मे ते ऑक्टोबर 'ड्राय'. वेटमध्ये नद्या रस्त्यांवरून वाहतात आणि आठवडेच्या आठवडे वाटा बंद राहतात. जानेवारी २०२३ च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा हमरस्त्यावरचा पूलच गेला. नवा पूल डिसेंबरमध्ये उघडला, तोवर वाहतुकीचे हाल झाले. त्यामुळे प्रवास ड्रायमध्येच.

काकडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले मूळ रहिवासी बिनिंज लोक मात्र आपल्यासारखेच सहा ऋतू मोजतात, आणि बेत आखायला त्यांचं पंचांग जास्त उपयोगी पडतं. 'येग्गे' म्हणजे मे ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ, हवा सुखद, पाणथळ जागांत कमळं. 'वुर्गेंग' म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंतची थंडी. थंडी म्हणजे आपल्या कोकणातल्या जानेवारीइतकीच. त्यानंतर 'गुरुंग', कोरडा आणि तापत जाणारा. ऑक्टोबरपासून दमट उकाडा सुरू होतो, त्याला इथे 'बिल्ड-अप' म्हणतात. मृगाआधीची मुंबई आठवा आणि त्यातला समुद्रावरचा वारा काढून टाका.

आमचा हिशेब असा: मेच्या पहिल्या आठवड्यात ब्रिस्बेन सोडायचं, महिनाअखेरीस माउंट आयझा ओलांडायचं, जून-जुलै कॅथरिन, काकडू, डार्विन. ऑगस्टमध्ये कुनुनुर्रा आणि ब्रूम. सप्टेंबर संपायच्या आत उष्ण पट्ट्याबाहेर. जून-जुलैत शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा डार्विन आणि ब्रूमच्या कॅरव्हॅन पार्कांत जागा मिळणं कठीण. या दोन ठिकाणांचं बुकिंग काही महिने आधी करा. मधल्या वाटेवरचं बुकिंग करूच नका, नाहीतर तारखा गाठण्यासाठी धावाधाव होते.

अंतरांची कल्पना यावी म्हणून सांगते: ब्रिस्बेन ते माउंट आयझा सुमारे १,८०० किलोमीटर, तिथून स्टुअर्ट हायवेवरचा थ्री वेज हा तिठा सुमारे ६४०, थ्री वेज ते कॅथरिन जवळपास तेवढंच, कॅथरिन ते डार्विन ३२०. परत कॅथरिनला येऊन कुनुनुर्रा ५१२ आणि पुढे ब्रूम हजाराच्या वर. हा सगळा रस्ता डांबरी आहे. दिवसाला ३०० किलोमीटर पुरे, आणि दुपारी ३ वाजता गाडी थांबलेली असली पाहिजे. एक दिवस चालवलं की दोन रात्री मुक्काम.

वजन: जिथे बहुतेक जण चुकतात

कॅरव्हॅन विकत घेताना पलंग, न्हाणीघर, पडदे हे सगळं दिसतं. वजनाचा पत्रा दिसत नाही. तो आधी वाचा. 'टेअर' म्हणजे रिकाम्या व्हॅनचं वजन. 'एटीएम' म्हणजे सामान भरल्यावर व्हॅनचं जास्तीत जास्त कायदेशीर वजन. बँकेच्या एटीएमशी याचा संबंध एवढाच की दोन्ही ठिकाणी मर्यादा असते आणि ती नको तेव्हा आठवते.

समजा टेअर २,१०० किलो आणि एटीएम २,५००. म्हणजे सामानाला ४०० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण पाण्याच्या ९० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १८० किलो संपले. गॅसचे ९ किलोचे दोन सिलिंडर, टाकीच्या वजनासकट, ४० किलोच्या आसपास. मागून बसवून घेतलेली जादा बॅटरी, एअर कंडिशनर, सायकलींचा स्टँड हेही यातूनच वजा. उरले दीडशे. त्यात दोघांचे कपडे, भांडी, धान्य, खुर्च्या, हत्यारं.

आता दुसरा भाग, जो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. भरलेल्या व्हॅनच्या साधारण १० टक्के वजन गाडीच्या मागे व्हॅन जोडायचा जो लोखंडी गोळा असतो त्यावर येतं, म्हणजे आपल्या उदाहरणात २५० किलो. ते गाडीच्या वजनात धरलं जातं. गाडीची स्वतःची मर्यादा 'जीव्हीएम' आणि गाडी-व्हॅन मिळून मर्यादा 'जीसीएम'. गाडी ३,५०० किलो ओढू शकते अशी जाहिरात असली, तरी गाडीत दोन माणसं, फ्रिज आणि छपरावर सामान असेल तर तेवढं ओढण्याची मुभा कागदावर उरत नाही. मर्यादा ओलांडून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

म्हणून निघण्याआधी सगळं भरून, पाणी-डिझेलसकट, वजनकाट्यावर जा. तीन वजनं घ्या: नुसती गाडी, नुसती व्हॅन, आणि दोन्ही जोडून. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ९० किलो जास्त निघालं. परत आल्यावर माझा बिडाचा तवा आणि ह्यांची हत्यारांची दुसरी पेटी यांवरून बराच वाद झाला. दोन्ही घरी राहिले.

सामान लावताना जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ. मागच्या टोकाला जड सामान लादलं की व्हॅन वेगात असताना डोलू लागते. ७५० किलोंवरच्या व्हॅनला ब्रेक लागतात. २,००० किलोंवरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक आणि व्हॅन सुटली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, दोन्ही सक्तीचे आहेत. व्हॅनच्या ब्रेकचं बटण गाडीत चालकाच्या हाताशी असतं. ते कुठे आहे हे दोघांना डोळे मिटून सापडलं पाहिजे, कारण व्हॅन डोलू लागली तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ते बटण हलकेच दाबायचं.

जोडणं, सोडणं आणि मागे घेणं

रिकामं मैदान शोधा, रविवारची सकाळ, आणि दोघांनी आळीपाळीने दहा-दहा वेळा करा. जोडताना आमचा क्रम असा आहे. व्हॅनच्या चाकांना लाकडी ठोकळे. गाडी मागे घेऊन गोळा कपलिंगच्या, म्हणजे व्हॅनच्या पुढच्या टोकाच्या जोडाच्या, बरोबर खाली. पुढचं छोटं चाक फिरवून व्हॅन खाली उतरवायची, कपलिंगची कडी बसली की त्याच चाकाने पुन्हा थोडी उचलून पाहायची. गाडीची मागची बाजू बरोबर उचलली गेली तर जोड पक्का. मग दोन्ही सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या. दिव्यांची वायर. चारही कोपऱ्यांचे पाय वर, छोटं चाक वर, पायरी आत. गॅस बंद. छपराच्या खिडक्या बंद, फ्रिजची कडी लावलेली. ठोकळे आणि व्हॅनचा हँडब्रेक काढायचे सर्वांत शेवटी. एकाने करायचं, दुसऱ्याने यादी वाचून प्रत्येक वस्तूला हात लावून पाहायचं. या वेळी शेजारी गप्पा मारायला आला तर नम्रपणे थांबवा. गप्पांच्या नादात काहीतरी राहतंच.

सोडताना उलट क्रम नसतो, हे लक्षात ठेवा. गाडी जोडलेली असतानाच व्हॅन डावी-उजवीकडे समतल करायची, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून. मग हँडब्रेक, ठोकळे, आणि त्यानंतरच कपलिंग सोडायचं. पुढे-मागे समतल छोट्या चाकाने करायची. कोपऱ्यांचे पाय शेवटी, आणि ते नुसते आधाराला. त्यांनी व्हॅन उचलायची नसते.

मागे घेताना युक्ती एकच: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. व्हॅनचं बूड ज्या बाजूला जायला हवं, त्या बाजूला हात न्या. हळू, अगदी हळू. बाहेर उभं राहणाऱ्याने चालकाला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं. आम्ही सुरुवातीला ओरडून सांगायचो, "डावीकडे! अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!" अख्खा कॅरव्हॅन पार्क खुर्च्या वळवून बघायला बसायचा. आता हातातले छोटे रेडिओ वापरतो आणि 'डावी-उजवी' न म्हणता 'झाडाकडे' आणि 'नळाकडे' म्हणतो.

रस्त्यावर

गाडी डावीकडून चालवायची, म्हणजे आपल्याला नवं काही नाही. नवी आहे ती रोड ट्रेन: तीन-चार डबे जोडलेला ट्रक, कमाल लांबी ५३.५ मीटर. तिला ओलांडायला किलोमीटरभर मोकळा रस्ता लागतो आणि आपल्याला कसलीच घाई नाही, तेव्हा ओलांडूच नका. ती मागून आली तर आपला वेग तसाच ठेवा, ती बाजूच्या मार्गिकेत गेली की ॲक्सिलरेटर हलका करा, तिचं शेपूट लवकर निघून जातं. गाडीत यूएचएफ रेडिओ असावा. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात, कॅरव्हॅनवाले १८ वर. "मागे व्हॅन आहे, तुम्ही या" एवढं म्हटलं की रेडिओवर पलीकडून आभाराचा आवाज येतो. आडवाटांवर एकेरी डांबरी पट्टी लागते. तिथे समोरून ट्रक आला तर पूर्ण डावीकडे उतरून थांबा आणि डांबर त्याला द्या. अर्धं उतरलात तर त्याच्या चाकांनी उडालेल्या खड्यांनी काच जाते.

स्टुअर्ट हायवेवर मोठ्या भागात वेगमर्यादा १३० आहे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात व्हॅन ओढताना १००. आम्ही दोन्हीकडे ९० ने जातो. त्याहून वेग वाढवला की डिझेलचा खप डोळ्यांत पाणी आणतो. व्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १५ ते २० लिटर धरा, समोरून वारा असेल तर वीसच. बार्कली हायवेवर कॅमूवील ते बार्कली होमस्टेड सुमारे २६० किलोमीटर मध्ये पंप नाही. अर्धी टाकी झाली की भरायची, भाव बघत बसायचं नाही.

पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री गाडी चालवू नका. कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर असतात, कुंपणं नसतात. ही गुरं बघून मात्र गंमत वाटते: वशिंड, लोंबते कान, गळ्याखालची पोळी. ब्राह्मण नावाचीच ही जात, गीर आणि ओंगोल यांसारख्या आपल्याकडच्या गुरांच्या वंशातली, उन्हाला आणि गोचिडांना दाद न देणारी म्हणून इथे रुजलेली.

मोबाइल गावाबाहेर गेलं की बंद. म्हणून उपग्रहाद्वारे संकटाचा संदेश देणारं छोटं यंत्र, पीएलबी, जवळ ठेवा. त्याची नोंदणी मोफत होते. गाडी बंद पडली तर तिला सोडून पायी निघायचं नाही. सावलीत, गाडीजवळ, पाणी पीत थांबायचं.

पाणी, गॅस आणि डाळ

उत्तरेत खूप गावांचं पाणी बोअरचं, जड. प्यायला अपाय नसला तरी त्यात डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीचे दाणे दाण्यांसारखेच. मी दहा लिटरचा एक कॅन गोड्या पाण्याने भरून फक्त डाळ आणि चहासाठी ठेवते. मूगडाळ जास्त आणि तूरडाळ कमी न्या. तीन लिटरचा कुकर हवाच, गॅस निम्मा लागतो. मिक्सर वीज असलेल्या जागीच चालतो, म्हणून दाण्याचं कूट, खोबऱ्याची चटणी, काळा मसाला घरूनच करून न्यायचा. मेतकूट, पोहे, भाजणी, पिठल्याचं बेसन यांवर आठवडा सहज निघतो. भाजी मोठ्या गावांत मिळते: माउंट आयझा, कॅथरिन, कुनुनुर्रा. मधल्या रोडहाउसवर, म्हणजे हायवेवरच्या पंपालगतच्या दुकानात, कांदा-बटाटा मिळाला तरी नशीब. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला निदान पाच लिटर धरा आणि दोन दिवसांचं जादा ठेवा.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर, कुनुनुर्राच्या अलीकडे, नाक्यावर गाडी आणि व्हॅन तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं, बिया आत नेता येत नाहीत. हे मला माहीत होतं, भाज्या आदल्या रात्रीच शिजवून संपवल्या होत्या. खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी मात्र मी 'सामान' समजत नव्हते, ती घरातलीच वाटत होती. गेली. तेव्हा सीमेआधीच्या टिंबर क्रीकच्या मुक्कामी सगळं उघडून बघा. याच सीमेवर घड्याळ दीड तास मागे जातं. मुलाबाळांना भारतात फोन करायचा तर नॉर्दर्न टेरिटरी भारताच्या ४ तास पुढे आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अडीच तास.

संडासाची टाकी दोन-तीन दिवसांनी डंप पॉइंटवर रिकामी करावी लागते. हे कामही आळीपाळीने. आमच्या यादीत ते ठळक अक्षरांत आहे.

मगर, माश्या आणि तब्येत

खाऱ्या पाण्यातली मगर, इथल्या बोलीत 'सॉल्टी', गोड्या पाण्यातही असते, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतही. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत तिच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हापासून त्यांची संख्या खूप वाढली आहे. नदीकाठापासून निदान ५० मीटर दूर मुक्काम करा. पाण्याच्या कडेपासून पाच मीटर लांब राहा, भांडी तिथे घासू नका, रोज एकाच जागी पाणी भरायला जाऊ नका. मगर सवयी टिपते. काकडूत काहिल्स क्रॉसिंगला भरतीच्या वेळी माशांवर टपलेल्या मगरी बघा, पण बघण्यासाठी बांधलेल्या मचाणावरूनच. पोहायचं ते पाटी लावून परवानगी दिलेल्या ठिकाणीच. मटारांकाच्या कोमट झऱ्यात पाणी ३४ अंशांच्या आसपास असतं. आमच्या गुडघ्यांनी तिथे दोन दिवसांचा मुक्काम पाच दिवसांचा केला.

डार्विन आणि ब्रूमच्या समुद्रात ऑक्टोबर ते मे विषारी जेलीफिश असतात. मधुमेह असणाऱ्यांनी मातीत आणि चिखलात अनवाणी चालू नये, कारण इथल्या मातीतल्या जिवाणूमुळे मेलिओइडोसिस हा गंभीर आजार होतो आणि मधुमेहींना त्याचा धोका जास्त. पावसात तो बळावतो, पण चप्पल बारमाही घाला. डास आणि बारीक चिलटं संध्याकाळी येतात, लांब बाह्यांचे सुती कपडे ठेवा.

निघण्याआधी डॉक्टरांकडून तीन-चार महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी घ्या आणि दोघांच्या आजारांची, गोळ्यांची इंग्रजीतली यादी प्रत्येकाच्या खिशात ठेवा. इन्सुलिन असेल तर फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, २ ते ८ अंश. आडरानात खरोखर काही झालं तर विमानाने डॉक्टर येतात. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ मध्ये क्लोन्करीहून सुरू झाली आणि तिथलं तिचं संग्रहालय वाटेतच आहे. भारतातून मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना सरकारी आरोग्यसेवा लागू नसते, त्यांनी विमा घेतल्याशिवाय शहराबाहेर पडू नये. आणि मोटरहोम भाड्याने घ्यायची असेल तर कच्च्या रस्त्यांबद्दलचं कलम करारात आधी वाचा.

काय पाहावं, काय सोडावं

काकडूला किमान चार रात्री. उबिर्रची कातळावरची चित्रं संध्याकाळी, यलो वॉटर या पाणथळ जागेतली बोटीची फेरी पहाटे. चित्रांना हात लावायचा नाही आणि जिथे फोटोला मनाई असेल तिथे फोन खिशात. अर्नहेम लँडसारख्या मूळ रहिवाशांच्या भूमीत परवाना लागतो, तो आधी मागवा.

गिब रिव्हर रोड, डर्बी ते कुनुनुर्रा सुमारे ६६० किलोमीटरचा खडबडीत कच्चा रस्ता, साध्या व्हॅनने करू नका. मोह होतो, कारण पार्कातला प्रत्येक तिसरा माणूस त्याचे किस्से सांगतो. त्यातल्या निम्म्यांच्या व्हॅनचा कोणतातरी भाग गळालेला असतो. बंगल बंगलच्या मधमाशांच्या पोळ्यांसारख्या डोंगरांकडे जाणारी ५३ किलोमीटरची वाटही तशीच. व्हॅन हमरस्त्यालगतच्या पार्कात ठेवून सहलीच्या गाडीने जा, नाहीतर कुनुनुर्राहून छोट्या विमानातून बघा. आम्ही विमान निवडलं, कंबर लक्षात ठेवून.

कुनुनुर्रात ऑर्ड नदीच्या पाण्यावर चंदनाच्या बागा आहेत, आपल्याच चंदनाच्या. पुढे रस्त्याच्या कडेने बोआबची झाडं लागतात, पोट सुटलेली, आपल्या गोरखचिंचेची सख्खी चुलत भावंडं. त्यांच्या सावलीत मुक्काम करताना फांद्या तपासा.

ब्रूमहून परतीच्या दोन वाटा: आल्या मार्गाने, किंवा किनाऱ्याने पर्थ गाठून दक्षिणेकडून. दक्षिणेची वाट लांब आहे, पण सप्टेंबरात तिथे रानफुलं असतात आणि उकाडा मागे राहतो. आम्ही तीच घेतली. पर्थपर्यंत चालवायची पाळी माझी होती, ह्यांनी यादी वाचली.